दारावरचे तोरण – बेसिंगस्टोकच्या पानाफुलांचे



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकच प्रश्न निघतो, "आंब्याची पाने कुठे मिळतील?" मग कोणी साऊथॉलला निघालेल्या मित्राला पिशवीभर पाने आणायला सांगतो, कोणी वेम्बलीच्या नातेवाइकांना फोन लावतो, तर कोणी भारतातून येणाऱ्या आई-बाबांना "बॅगेत चार डहाळ्या टाका हो" असे हळूच सुचवतो. यातले काहीच जमले नाही की कपाटातले प्लॅस्टिकचे तोरण धूळ झटकून दारावर चढते आणि मनाला चुटपुट लागून राहते.

पुढे डिसेंबर उजाडतो आणि सगळ्या गल्लीच्या दारांवर हिरवी गोल चक्रे दिसू लागतात. इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला ती पाहून क्षणभर दचकायला होते. कारण आपल्या भाषेत त्या वस्तूला 'पुष्पचक्र' म्हणतात, आणि पुष्पचक्र आपण वाहतो ते श्रद्धांजली म्हणून. सणाच्या दिवशी ते दारावर कसे?

तर मंडळी, आज या दोन्ही गोष्टींविषयी थोडेसे, आणि मग आपल्या बेसिंगस्टोकमध्ये जे उगवते त्यातून घरच्या घरी तोरण कसे बांधायचे याविषयी सविस्तर. लेखाचे सार आधीच सांगून टाकते. आंब्याची पाने मिळाली तर सोन्याहून पिवळे, पण ती नाहीत म्हणून तोरण अडू नये. जिथे आपण राहतो तिथली ताजी हिरवी पाने दारावर बांधावीत, हीच मुळात तोरणाची रीत आहे.

तोरण म्हणजे काय?

'तोरण' हा शब्द संस्कृतातला. त्याचा अर्थ कमान किंवा वेशीचे दार असाही होतो. सांचीच्या स्तूपाभोवती जी चार कोरीव दगडी प्रवेशद्वारे आहेत त्यांनाही तोरणेच म्हणतात. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. दगडाची असली तरी त्यांची घडण लाकडी कमानीसारखी आहे, दोन खांब आणि वर आडव्या तुळया. दक्षिणेकडच्या तोरणावर एक छोटासा लेख कोरलेला आहे. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम आनंद याने वरची तुळई दान दिली, असे त्यात म्हटले आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन घराण्यातला, आपल्या पैठणशी नाते सांगणारा राजा. म्हणजे तोरणाशी आपला संबंध तसा जुनाच!

मराठीत तर 'तोरण बांधणे' याचा अर्थच शुभारंभ करणे असा झाला आहे. शिवाजी महाराजांनी तोरणा किल्ला घेतला तेव्हा 'स्वराज्याचे तोरण बांधले' असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत.

पण एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. खुद्द महाराष्ट्रातही तोरण सगळीकडे सारखे नसते. देशावर दसऱ्याला आंब्याची पाने, झेंडू आणि जमल्यास शेतातल्या नव्या धान्याची लोंबी असे तोरण बांधतात. कोकणात नवान्न पौर्णिमेला दारावर 'नवे' बांधतात. त्यात भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडू, आंब्याचे पान, झेंडूचे फूल असे जे त्या मोसमात शेतात आणि परसात असते ते एकत्र जुडी करून बांधलेले असते. विदर्भात पोळ्याच्या दिवशी गावचे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटले की 'पोळा फुटला' असे म्हणायचे आणि बैल घरोघर निघायचे. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर 'माटोळी' बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळे, फुले, पाने लटकवलेली असतात, आणि त्यातली कित्येक एरवी बाजारात दिसतही नाहीत. शेजारच्या गुजरातेत तर आंब्याइतकाच मान आसोपालवाच्या लांब पानांना आहे.

थोडक्यात, आपल्या आज्या-पणज्यांनी तोरणासाठी दूरदेशाहून काही मागवले नाही. त्या मागच्या दारी गेल्या आणि जे हिरवे होते ते तोडून आणले.

मग आंबाच का?

आंबा शुभ मानला जातो, कलशावर ठेवायच्या पंचपल्लवांत त्याचा मान आहे, हे तर आहेच. पण त्यामागे एक व्यवहारही आहे. आंब्याचे झाड बारमाही हिरवे. त्यामुळे गुढीपाडवा असो, लग्न असो की दसरा, पाने केव्हाही मिळतात. पान जाड आणि चिवट असते. वरचा चकचकीत थर पानातले पाणी लवकर उडू देत नाही, म्हणून तोडल्यावरही ते काही दिवस तजेलदार दिसते. वाळले तरी चुरा होऊन गळत नाही. मधली शीर भक्कम असल्यामुळे पान सरळ लोंबते, आणि देठाकडचा भाग सुतळीवर दुमडून काडी टोचली की पक्का बसतो. पिंपळाचे किंवा जास्वंदीचे पान घेऊन पाहा, म्हणजे फरक कळेल.

'आंब्याची पाने दारावर बांधली की घरातली हवा शुद्ध होते' असे एक 'शास्त्रीय कारण' अधूनमधून फिरत असते. झाडावरून तोडलेल्या दहा-पंधरा पानांनी घराच्या हवेत जाणवण्यासारखा काहीही फरक पडत नाही. आपल्या परंपरेला असल्या आधाराची गरजही नाही. दारावर हिरवे दिसले की येणाऱ्याला कळते, या घरात आज सण आहे. एवढे कारण पुरेसे आहे.

इथल्या दारावरचे गोल चक्र

आता शेजाऱ्यांच्या दाराकडे वळू. युरोपात दारावर पाने बांधण्याची प्रथा ख्रिसमसहून जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये शरद ऋतूतल्या एका सणाला ऑलिव्हची किंवा लॉरेलची फांदी लोकरीने गुंडाळून तिला अंजीर, छोटे पाव, मधाच्या कुप्या असे काय काय लटकवीत आणि मुले ती घरोघर मिरवीत. मग ती दारावर टांगायची आणि वर्षभर तशीच ठेवायची. कोकणातल्या 'नव्या'ची आठवण होते की नाही? रोमन लोक विजेत्याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचे कडे घालीत, ते चित्र तर सर्वांच्या परिचयाचे आहे.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सगळी झाडे उघडी पडतात तेव्हा हॉली, आयव्ही आणि बे ही झाडे हिरवी राहतात. जॉन स्टो या लेखकाने १५९८ साली लंडन शहराचे जे वर्णन छापले, त्यात ख्रिसमसला घरे आणि चर्च अशा हिरव्या पानांनी सजवत असल्याची नोंद आहे. जर्मनीत हॅम्बर्ग येथे योहान हिनरिख विखेर्न या धर्मोपदेशकाने १८३९ साली गरीब मुलांच्या वसतिगृहात गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. ख्रिसमसला किती दिवस राहिले हे मुलांना मोजता यावे म्हणून, रोज एक. आज टेबलावर चार मेणबत्त्यांचे जे हिरवे कडे दिसते ते त्या चाकाचे वंशज.

श्रद्धांजलीचे चक्रही या देशात आहेच. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी युद्धस्मारकांपाशी खसखशीच्या लाल कागदी फुलांची चक्रे वाहतात. आपली दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागेच येते. म्हणजे एकाच आकाराची वस्तू नोव्हेंबरात दुःखाची आणि डिसेंबरात आनंदाची! इथल्या माणसांना त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण पाने, फुले, रंग आणि जागा यांवरून त्यांना अर्थ कळतो.

आपल्या झेंडूचेही तसेच आहे. झेंडूला आपण अगदी घरचा मानतो, पण हे झाड मूळचे मेक्सिकोचे, आणि तिकडे ते प्रामुख्याने मृतांच्या स्मरणाचे फूल आहे. १ आणि २ नोव्हेंबरला ते लोक पितरांसाठी घरात वेदी मांडतात, ती याच केशरी फुलांनी भरून टाकतात. तेच फूल समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि दसऱ्याचे, लक्ष्मीपूजनाचे झाले. अर्थ फुलात नसतो, तो बांधणाऱ्या घराचा असतो. म्हणून शेजारच्या दारावरचे चक्र पाहून मन खट्टू करायचे कारण नाही, आणि आपल्या तोरणात इथले पान आले म्हणून ते कमी प्रतीचे होते असेही नाही.

भारतातून पाने आणावीत का?

याचे सरळ उत्तर म्हणजे बॅगेत घालून आणू नयेत.

भारतातून ब्रिटनमध्ये झाडाची ताजी पाने, डहाळ्या, रोपे आणि बियाणे आणताना सर्वसाधारणपणे तिकडच्या सरकारी खात्याचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. प्रवाशांच्या सामानालाही हा नियम आहे. थोड्याच वस्तूंना त्यातून सूट आहे आणि ती यादी बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे. प्रमाणपत्र नसेल तर पाने विमानतळावरच जप्त होऊन नष्ट केली जातात.

हा केवळ कागदी घोळ नाही. पानाच्या मागच्या बाजूला कीटकांची अंडी किंवा बुरशी असली तर ती डोळ्यांना दिसतेच असे नाही, आणि इथल्या बागांना ती नवी असते. २०१४ सालची हापूसची गोष्ट आठवत असेल. फळमाशी आणि इतर कीड सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात बंद केली होती. ब्रिटन तेव्हा संघात होते, त्यामुळे ऐन मोसमात आपल्यालाही हापूसवाचून राहावे लागले! आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली. एका माशीने एवढा गोंधळ होऊ शकतो, तर डहाळ्यांच्या जुडीने काय होईल याचा विचार करावा.

ज्यांना आंब्याचीच पाने हवीत त्यांनी ती इथल्या दुकानातून घ्यावीत. दसरा-दिवाळीच्या आधी साऊथॉल, वेम्बली, हाउन्सलो या भागांतल्या भारतीय दुकानांत ती मिळतात. बेसिंगस्टोकहून रेडिंगपर्यंत एक गाडी आणि तिथून एलिझाबेथ लाइनने थेट साऊथॉल, असा प्रवास आता सोपा झाला आहे. कलशापुरती पाच पाने आणली आणि तोरण इथल्या पानांचे केले, तर खर्चही बेताचा होतो.

बेसिंगस्टोकमध्ये कोणती पाने मिळतात?

आपले गाव गोल चौकांसाठी प्रसिद्ध, पण कुंपणांसाठीही असायला हरकत नव्हती. १९६० च्या दशकापासून लंडनची वाढती वस्ती सामावून घेण्यासाठी हे गाव वाढवले गेले, आणि नव्या वसाहतींबरोबर मैलोगणती हिरवी कुंपणेही आली. चिनहॅमपासून हॅच वॉरेनपर्यंत कुठेही फेरी मारा, पुढील झाडे हमखास दिसतील.

चेरी लॉरेल – कुंपणाला सर्रास लावतात. पान लांबट, चकचकीत, जाड. तोरणात बांधले की चार पावलांवरून आंब्याचेच वाटते. बारमाही हिरवे असते आणि आठवडाभर सहज टिकते. मात्र एक महत्त्वाची सूचना : हे पान विषारी आहे. चुरडले की बदामासारखा वास येतो, तो त्यातून सुटणाऱ्या सायनाइडयुक्त वायूबरोबर येतो. म्हणून ते फक्त दारावर बांधावे. कलशात, तीर्थात, प्रसादाच्या ताटात किंवा केळीच्या पानासारखे वाढायला ते कधीही वापरू नये. लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. कापणी उघड्यावर करावी, मग हात धुवावेत, आणि छाटलेल्या फांद्या बंद गाडीत भरून फार वेळ ठेवू नयेत.

बे – स्वयंपाकात घालतात तेच सुगंधी पान. आपल्या तमालपत्राचा हा लांबचा भाऊबंद, झाड मात्र वेगळे. पान लहान असते, पण खाण्यातले असल्यामुळे निर्धास्त वापरता येते. ज्यांच्या घरी रांगती मुले आहेत त्यांनी तोरणाला हेच घ्यावे. कलशावरही चालेल, किंवा भारतीय दुकानातली विड्याची पाने घ्यावीत.

रेड रॉबिन – घरापुढच्या बागेत लावतात ते लालसर पालवीचे झुडूप. वसंत ऋतूत याला जी तांबूस पालवी फुटते ती थेट आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखी दिसते. गुढीपाडव्याच्या तोरणाला याच्यासारखे दुसरे पान नाही! हेही फक्त दारापुरते ठेवावे.

यू हे सुईसारख्या पानांचे झाड मात्र पूर्णपणे टाळावे. ते अत्यंत विषारी आहे.

पाने आपल्या बागेतली घ्यावीत किंवा शेजाऱ्यांना विचारून घ्यावीत. उन्हाळा संपता संपता बरेच जण कुंपण छाटतात, तेव्हा "थोड्या फांद्या मिळतील का?" असे विचारले तर बहुतेक जण आनंदाने भारा देतात. उद्यानातली, चौकातली किंवा दुसऱ्याच्या कुंपणाची पाने न विचारता तोडू नयेत. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ असतो, त्या दिवसांत कुंपणात हात घालण्याआधी नीट पाहावे.

झेंडू घरीच लावा

इथल्या बियाण्यांच्या पाकिटावर 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' असे झेंडूचे दोन प्रकार लिहिलेले असतात. नावे काहीही असोत, दोन्ही मेक्सिकोचेच. हारासाठी मोठ्या गोंड्याचा 'आफ्रिकन' घ्यावा. नुसते 'पॉट मेरीगोल्ड' लिहिले असेल तर ते वेगळे झाड आहे. फूल केशरी असते, पण आपला गोंडा नव्हे.

एप्रिलमध्ये घरात खिडकीशी ट्रेमध्ये बी पेरावे. झेंडूला गारठा सोसत नाही, म्हणून मेअखेरीस पाला पडण्याची भीती गेल्यावरच रोपे बाहेर लावावीत. आपल्याकडची चुनखडीची जमीन त्याला चालते, ऊन मात्र हवे. गोगलगायींना झेंडूची कोवळी रोपे भारी आवडतात. त्यामुळे पहिले काही आठवडे रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारावी लागते! सुकलेली फुले खुडत राहिले की नवी येत राहतात.

खरा प्रश्न तारखांचा आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला, तेव्हा फुले भरात होती. २०२३ मध्ये मात्र तो २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. तोपर्यंत पाला पडून झाडे काळी पडलेली असू शकतात. म्हणून दोन-तीन कुंड्या हलवता येतील अशा ठेवाव्यात आणि थंडी पडली की रात्री पोर्चमध्ये किंवा काचघरात आणाव्यात. तेही जमले नाही तर सुपरमार्केटमधली पिवळी, केशरी शेवंती घ्यावी. ती वर्षभर मिळते, आणि शेवंतीला आपल्याकडे काय कमी मान आहे? पाडव्याला झेंडू नसतो, पण डॅफोडिल्सचा पिवळा रंग सगळ्या गावात पसरलेला असतो. त्याचे देठ मऊ, म्हणून ओवू नये. चार-पाच फुलांची जुडी करून तोरणाच्या दोन टोकांना बांधावी. चिकाने हाताला खाज येते, तेव्हा नंतर हात धुवावेत. त्याचे कंद विषारी असतात, ते कांद्यांजवळ ठेवू नयेत.

तोरणाची कृती

इथल्या बाहेरच्या दाराची रुंदी बहुधा ३० किंवा ३३ इंच असते. चौकट धरून ३६ इंचांचा हिशेब पुढे दिला आहे. आपले दार आधी मोजून घ्यावे.

साहित्य :
– ४ फूट सुतळी किंवा जाड सुती दोरा
– सारख्या लांबीची ११ पाने, शिवाय दोन-तीन जास्तीची
– झेंडूची १० फुले, टोकांच्या माळांसाठी आणखी १२ ते १६
– मोठी सुई किंवा दाभण, पक्का दोरा
– टूथपिकचे तुकडे किंवा स्टेपलर

कृती :
१. पाने धुऊन, पुसून कोरडी करावीत. ओली पाने लवकर काळी पडतात.
२. सुतळी दोन खुर्च्यांना ताणून बांधावी. दोन्ही टोकांना ६-६ इंच बांधण्यासाठी मोकळी ठेवावी.
३. मधल्या ३६ इंचांत आधी बरोबर मध्यावर एक खूण करावी, मग दोन्ही बाजूंना ३-३ इंचांवर पाच-पाच खुणा. मध्यापासून सुरुवात केली की तोरण एका बाजूला कलत नाही.
४. प्रत्येक खुणेवर पानाचा देठाकडचा भाग सुतळीवरून मागे दुमडावा आणि टूथपिकने किंवा स्टेपलरने टाचावा. चकचकीत बाजू बाहेर. स्टेपलची पिन पानाच्या मागे राहील असे पाहावे.
५. दोन पानांच्या मध्ये एकेक फूल येईल असे दोऱ्याने सुतळीला बांधावे. सुई फुलाच्या देठातून नेऊन पाकळ्यांच्या मधोमध काढली तर फूल उमलत नाही की विस्कटत नाही.
६. दोन्ही टोकांना सहा ते आठ फुलांच्या छोट्या माळा सोडाव्यात, शेवटी एक पान. शिल्लक मोकळ्या दोऱ्याची गाठ पक्की मारावी.

नुसता झेंडूचा हार हवा असेल तर ओवलेले मोठे फूल साधारण एक इंच जागा घेते असे धरावे. म्हणजे चौकटीच्या वरच्या बाजूलाच छत्तीसेक फुले लागतील.

पाने आदल्या संध्याकाळी तोडून देठ पाण्यात ठेवले तर ती जास्त टिकतात. माळ आधी करायची असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. पाने टाचायचे काम मुलांना जरूर द्यावे. पान वाकडे लागले तरी लागू द्यावे, पुढच्या वर्षी तीच सरळ लावतील.

दाराला लावायचे कसे?

आपल्याकडे चौकटीला दोन खिळे कायमचे असतात. इथे तसे करता येत नाही, विशेषतः घर भाड्याचे असेल तर. अनामत रकमेचा प्रश्न!

– चिकटवायचे, काढता येणारे हुक वापरावेत. जागा आधी पुसून कोरडी करावी, हुक दाबून बसवावा आणि तासभर थांबून मग तोरण टांगावे. कडाक्याच्या थंडीत गोंद धरत नाही, म्हणून नोव्हेंबरात हे काम भर दुपारी करावे.
– दार आत उघडते, तेव्हा तोरण बाहेरच्या चौकटीवर लावावे म्हणजे ते दारात अडकत नाही.
– दाराची उंची साधारण साडेसहा फूट असते. आठ इंचांचे पान लोंबले की उंच पाहुण्याच्या कपाळाला लागते. यासाठी मध्यभागी आखूड पाने आणि कडेला लांब पाने लावावीत.
– फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जास्त जपावे. फ्लॅटचे मुख्य दार बहुधा आगरोधक असते, त्याला खिळा किंवा स्क्रू मारू नये. सामायिक कॉरिडॉरमध्ये सजावट चालते का, हे व्यवस्थापकांना आधी विचारावे. चालत नसेल तर घराच्या आत, देवघराच्या किंवा बैठकीच्या दारावर बांधावे.
– पणत्या तोरणाच्या बरोबर खाली ठेवू नयेत. वाळलेले पान चटकन पेटते.

डिसेंबरात मुलांनी गोल चक्र मागितले तर?

मागणारच! शाळेत सगळे करतात. त्यासाठी हस्तकलेच्या दुकानातून १२ इंची तारेचे कडे आणावे. त्यावर ओले मॉस दोऱ्याने गुंडाळावे, आणि हॉली, आयव्ही, पाइन किंवा बेच्या छोट्या जुड्या एकाच दिशेने, एकीवर एक येतील अशा बांधत जावे. हॉलीची लाल फळे खायची नसतात हे मुलांना आधीच सांगावे. संत्र्याच्या पातळ चकत्या १०० ते १२० अंशांवर तीन-चार तास, मध्ये उलटून, ओव्हनमध्ये वाळवल्या की सुंदर दिसतात. दालचिनीच्या कांड्या आणि दिवाळीतला वाळवून ठेवलेला झेंडू यांचीही भर घालता येते. तोरण आणि चक्र दोन्ही एका दारावर एका हिवाळ्यात आले तर बिघडत नाही. तोरणाखालून आपण जातो, चक्राला समोरून भेटतो, एवढाच काय तो फरक.

उतरवायचे कधी?

ख्रिसमसची सजावट ५-६ जानेवारीच्या आत उतरवण्याचा इथे रिवाज आहे. तोरणाचे घराघरांत वेगवेगळे आहे. कोणी दसऱ्याचे दिवाळीला बदलते, कोणी वाळेपर्यंत ठेवते. इथल्या पावसात फुले कुजतात, म्हणून ती आठवड्याने काढून पाने तेवढी ठेवलेली बरी. सुतळी सुती किंवा तागाची असेल तर टूथपिकसकट सगळे कंपोस्टमध्ये जाते. स्टेपलच्या पिना मात्र काढाव्यात. झेंडूची पूर्ण पिकलेली, वाळलेली फुले कागदी पाकिटात ठेवली तर पुढच्या एप्रिलला बी तयार. संकरित जातीचे असेल तर फूल थोडे वेगळे निघेल, एवढेच.

आणि हो, तोरण बांधत असताना शेजारीण बाहेर आली आणि "हे काय?" म्हणाली, तर फार लांबचे सांगत बसू नये. "तुम्ही डिसेंबरात दारावर हिरवे लावता ना, तसे आम्ही सणाला लावतो. पाने तुमच्याच कुंपणाची आहेत!" एवढे सांगावे आणि फराळाची वाटी हातात द्यावी. पुढच्या वर्षी छाटणीच्या वेळी ती स्वतःच दार वाजवेल.

आपणा सर्वांच्या दाराला यंदा ताजे तोरण लागो, ही सदिच्छा!